वरून प्यायलेलं पाणी

.... जानेवारी २०२५
श्रीरामपूर

आलो बुवा एकदाचा! बायकोनं, सृष्टीनं, पुण्याहून निघताना बजावलं होतं, पोचल्याबरोबर आधी खोलीचा फोटो पाठव, मग चहा पी. मी आधी चहा प्यायलो. राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी अशी रांगत आली की चालत आलो असतो तर लवकर पोचलो असतो. पण तक्रार नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मागितलेली बदली मिळाली. इथे बोटांच्या ठशांची नवी उपशाखा उघडलीय, दोनच तज्ज्ञ, त्यातला एक मी. सोमवारी रुजू व्हायचं.

खोली झकास आहे. मालक रंभाजी रेल्वेतून रिटायर झालेले, खाली एकटेच राहतात. वरच्या खोलीत लोखंडी कपाट, आरसा, टेबल आणि रुळांकडे उघडणारी खिडकी. म्हणाले, गाडीचा आवाज हुईल दोन दिस, मंग गाडी न्हाई आली तर झोप यायची न्हाई तुमाला. ही रोजनिशी आणि शाईचं पेन सृष्टीनं दिलंय. माझं अक्षर रिपोर्टांत वाया जातं असं तिचं म्हणणं. निळी शाई पाण्याचा थेंब पडला तर पसरते, म्हणून जपून लिहायला हवं.

दुसरा तज्ज्ञ म्हणजे महेंद्र. आमची बॅच एक, ट्रेनिंगला खोली एक, आणि शेवटच्या परीक्षेत अर्ध्या मार्काचा फरक. पदक त्याला. पंधरा वर्षं झाली, विसरलो मी ते. (विसरलो असतो तर लिहिलं कशाला असतं? असो.)

दुपारी सामान लावून कालव्याच्या कडेनं फिरायला गेलो. ऊन हिवाळ्यातलं, पण चालून घसा कोरडा पडला. एका पेरूच्या बागेत पत्र्याचं घर दिसलं, ओट्यावर एक म्हातारी पेरू निवडत बसलेली. पाणी मागितलं. तिनं माठातून पेला भरून दिला. स्टीलचा, जुना, जड, त्यावर नाव घातलेलं: 'कु. मनकर्णा हिस मामाकडून'. आमच्या धंद्यातली खोड, हातात आलेली वस्तू आधी वाचायची. म्हातारी म्हणाली, लेकीचं भांडं हाय, कर्जतला दिलीया तिला. मी सवयीनं वरून प्यायलो. ती हसली, तोंड लावून प्या की, हितं कोन बगतंय. तरी मी वरूनच प्यायलो. पेला उष्टा झालाच नव्हता, तेव्हा तिनं तो न विसळता तसाच माठाच्या झाकणावर पालथा घातला, आणि निघताना चार पेरू माझ्या पिशवीत टाकले. आतून गुलाबी निघाले. रंभाजींना दोन दिले.

६ जानेवारी

रुजू झालो. महेंद्रनं मिठीच मारली. 'पव्या, केस कुठे गेले रे?' हे पहिलं वाक्य. त्याचे आहेत सगळे. चाळिशी उलटली तरी आहेत.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक शिपाई आणि दाराशी अंगठा लावून हजेरी घेणारं मशीन. शिपाई कारभारी सकाळी चहा आणतो, आधी महेंद्रच्या टेबलावर, मग माझ्या. पद एकच, पगार एकच, पण तो 'साहेब' आणि मी 'नवीन साहेब'. त्याच्या टेबलावर बुद्धाची छोटी पितळी मूर्ती, आणि शेजारी भिंग, ट्रेनिंगच्या पदकाबरोबर मिळालेलं. माझ्या टेबलावर सरकारी भिंग, कडेला टवका उडालेलं.

रुजू होताना माझ्याही दहा बोटांचे ठसे शाईनं पट्टीवर घेतले. इथला नियम आहे, कर्मचाऱ्यांच्या पट्ट्या कायम कपाटात. कुणाचं बोट चुकून पुराव्याला लागलं तर वेगळं काढता यावं म्हणून. महेंद्रनं स्वतः माझं एकेक बोट धरून फिरवलं. म्हणाला, काय सुरेख रेघा आहेत रे तुझ्या, पुस्तकात छापाव्यात अशा. त्याच्या तोंडून एवढं तरी कौतुक निघालं.

१५ जानेवारी

महेंद्रची कामाची पद्धत म्हणजे एक व्रत आहे. घटनास्थळाचा ठसा आला की तो आधी एकटा बघायचा. त्यातल्या खुणा, म्हणजे रेघ कुठे फुटते, कुठे संपते, लाल पेन्सिलीनं आखून सही करायची. मगच संशयिताचं पाकीट फोडायचं. केस कुणाची, पोलिसांना कोण वाटतो, ऐकायचंही नाही. मी हसलो तेव्हा म्हणाला, आधी संशयिताची पट्टी बघितली ना पव्या, की डोळा तेच शोधायला लागतो, आणि शोधलं की सापडतं. मी म्हणालो, ठसा खोटं बोलत नाही. तो म्हणाला, ठसा बोलतच नाही, आपण बोलतो.

हे असं वाक्य त्याच्या तोंडी सहज येतं. ट्रेनिंगलाही असंच व्हायचं. त्याचे वडील कर्जतकडे दुसऱ्यांच्या शेतात राबले, हा वसतिगृहात शिकला, आणि माझे वडील हेडमास्तर. आमच्याकडचे लोक त्याच्या मार्कांबद्दल काय काय बोलत ते मी ऐकून घ्यायचो, कधी खोडून काढलं नाही. मार्क त्याचे माझ्याहून जास्त होते. मला माहीत होतं.

तपास करणारे साहेब त्याच्यावर वैतागलेत. एका खुनाच्या केसमध्ये त्यानं लिहून दिलंय, 'अभिप्राय देता येत नाही.' म्हणे ठसा वाचण्याजोगा आहे, पण संशयिताची पट्टीच पुसट आलीय. त्याला पंधरा दिवस कामापासून लांब ठेवा, बोटांना तेल लावा, रेघा वर येतील, मग पट्टी पुन्हा घ्या. न्यायाधीश म्हणे अशा सावधपणाचं कौतुक करतात. संध्याकाळी सृष्टीचा फोन आला तर तिनंही तेच काढलं, तुझ्या मित्राचा फोटो पेपरात आलाय, किती साधा दिसतो. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

२२ जानेवारी

आज झेंडा लावला!

महेंद्र साक्षीसाठी तीन दिवस बाहेर. तपासाचे साहेब ते पाकीट घेऊन थेट माझ्याकडे आले. म्हणाले, गवंडी आहे, आसाराम नावाचा, तिथेच गिलाव्याचं काम करत होता, आदल्या आठवड्यात मजुरीवरून भांडला होता, सगळं गाव त्याचंच नाव घेतंय. फक्त तुमच्या साहेबांना दिसत नाही. मग म्हणाले, तुमचं नाव पुण्यात ऐकलंय.

कोण मेलं, कुठे मेलं, मी विचारलंच नाही. माझं लक्ष कागदाच्या तळाशी होतं, महेंद्रच्या त्या गोलसर, समाधानी सहीकडे.

मी आसारामची पट्टी आधी उघडली. हो. आधी. सिमेंटनं खाल्लेली बोटं, उजव्या अंगठ्यावर तर नुसता करडा ढग. पण टक लावून बघत राहिलं की ढगातही रेघा दिसायला लागतात. मग घटनास्थळाच्या ठशाचा मोठा केलेला फोटो शेजारी ठेवला. पहिली पाच साम्यं पटकन मिळाली. सहावं जरा ओढून. सातवं आणि आठवं मिळेपर्यंत चहा गार झाला. आठ पुरतात. 'आसाराम याच्या उजव्या अंगठ्याशी जुळतो.' तातडीचं म्हणून माझ्या एकट्याच्या सहीनं गेलं.

२५ जानेवारी

आसारामला अटक. पेपरात माझं नाव, फोटोसकट. 'ठसा खोटं बोलत नाही, असे तज्ज्ञांनी सांगितले.' कारभारीनं आज चहा आधी माझ्या टेबलावर ठेवला. सृष्टीनं कात्रणाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

महेंद्र परतला. रिपोर्ट वाचला, भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, पाकीट कुठलं आधी फोडलंस? मी म्हणालो, अर्थात घटनास्थळाचं. त्यानं मान हलवली आणि आपल्या टेबलाशी गेला. त्याला माझं खरं वाटलं की माझी कीव आली, ते कळलं नाही. दोन्हीचा मला सारखाच राग आला.

२० फेब्रुवारी

नीट लिहितो.

दोषारोपपत्रासाठी पूर्ण फाईल आली, घटनास्थळाच्या फोटोंसकट. आजवर मी फक्त ठशाचा मोठा केलेला चौकोन बघितला होता. पहिला फोटो: पत्र्याचं घर, पेरूची झाडं. दुसरा: ओटा. तिसरा: माठ आणि माठावर पालथा स्टीलचा पेला. चौथ्यात पेला जवळून, ठसा उचलला तिथे बाण, वर नाव. 'कु. मनकर्णा हिस मामाकडून'.

मयत भागिरथीबाई, वय बहात्तर. पाच जानेवारीला, रविवारी दुपारी, कुणीतरी गळा दाबला.

महेंद्र जेवायला गेल्यावर माझा उजवा अंगठा शाईत बुडवला, कागदावर फिरवला आणि भिंगाखाली धरला. पहिल्या तीन खुणांनंतर थांबलो. पुढे बघायची गरज नव्हती. आसारामचा नाही तो ठसा. माझा आहे. मी तोंड लावलं नाही म्हणून पेला उष्टा झाला नाही, उष्टा नव्हता म्हणून तिनं विसळला नाही, आणि माझा अंगठा तसाच राहिला. पुस्तकात छापावा असा.

सांगायचं तर आत्ता उठून सांगता येईल. मी खुनाच्या आधी तिथे पाणी प्यायलो होतो, ठसा माझा, माणूस सोडा. या वहीच्या पहिल्या पानावर तारखेनिशी लिहिलेलं आहे. नोकरीवर गदा येईल, पण गळ्याशी काही येणार नाही.

नाही सांगितलं. नोकरीसाठी नाही, हे इथे तरी खरं लिहितो. ते महेंद्रला सांगावं लागेल म्हणून. तो 'मी म्हणालो होतो' असं म्हणणारसुद्धा नाही. खांद्यावर हात ठेवेल. तो हात मला सोसणार नाही.

खटल्यात पुरावा टिकणारच नाही, आसाराम आपोआप सुटेल.

६ मार्च

आसारामची बायको आली होती, सविता. काळीसावळी, तिशीची, हाताला नवऱ्यासारखंच सिमेंट. महेंद्रकडे नाही, माझं नाव विचारत आली. रडली नाही. म्हणाली, सायेब, रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा कंदीच उठला न्हाई, धा वरसं मीच जातीया धान्य आनायला. मशीनला दिसला न्हाई त्यो तुमाला कुटं दिसला?

मी म्हणालो, आमचं मशीन वेगळं असतं. ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, त्येनं जेवन सोडलंया, येकदा भेटून तरी या. पलीकडून महेंद्र उठला, तिला पाणी दिलं, वकिलाचा नंबर लिहून दिला, जिन्यापर्यंत सोडून आला. असा चांगुलपणा जमतो कसा त्याला? मला का जमत नाही? पाण्याचा पेला आज माझ्याही टेबलावर होता.

१९ मार्च

आसाराम गेला. तुरुंगात. सकाळी उठलाच नाही.

कारभारीनं सांगितलं आणि चहा ठेवला. आधी महेंद्रच्या टेबलावर.

२७ मार्च

ऊन चढलंय. आज भिंगाच्या काचेवर डाग होते. रुमालानं पुसले, डबीत ठेवलं, जेवून आलो तर पुन्हा होते. माझी बोटं असतील म्हणून उजेडात तिरपं धरलं.

पाच बोटांचे डाग. रेघा नाहीत. एकाही बोटावर एकही रेघ नाही.

हातमोजा असेल म्हटलं. पण मोज्याची शिवण दिसते, रबर असेल तर सुरकुती दिसते. ही कातडी होती. गुळगुळीत, झिजलेली. पंधरा वर्षांत अशी बोटं मी एकदाच बघितलीत.

४ एप्रिल

खोलीच्या आरशावर. दुपारी बारा वाजता जेवायला आलो तेव्हा, लख्ख उजेडात. काळी पावडर टाकून ब्रश फिरवला, धंद्याच्या सवयीनं. बोटं उमटली, आत नुसता करडा ढग. डाग खालच्या कोपऱ्यात सुरू होऊन वर चढत गेलेत, माझ्या तोंडाच्या उंचीपर्यंत. ओला फडका फिरवला. निघाले नाहीत. मागच्या बाजूनं आहेत, पाऱ्याच्या बाजूनं.

रंभाजींना विचारलं, कोण येऊन गेलं का? म्हणाले, तुमीच की काल दिसभर भित्ती चाचपत हिंडत हुता, खालपर्यंत आवाज येत हुता.

काल मी दिवसभर ऑफिसात होतो.

महेंद्रच्या भिंगावर काही नाही. रोज बघतो मी. स्वच्छ. मेलेला माणूससुद्धा त्याच्या वाटेला जात नाही. त्याचं काहीच कसं बिघडत नाही!

११ एप्रिल

हजेरीच्या मशीननं अंगठा घेतला नाही. 'पुन्हा प्रयत्न करा.' सात वेळा. मागे रांग. महेंद्रनं हसत स्वतःचा लावला, पहिल्या झटक्यात घेतला.

घरी येऊन भिंगाखाली धरला. मधल्या रेघा गेल्यात. कडेला थोड्या आहेत. दुखत नाही. सिमेंटला मी हात लावलेला नाही.

मोबाईलही उघडत नाही बोटानं.

आधी घाबरलो. मग — लिहितोच — बरं वाटलं. रेघाच नाहीत तर पेल्यावरचा ठसा माझ्याशी जुळवणार कोण? मग कपाटातली पट्टी आठवली. रुजू झालो त्या दिवशीची. महेंद्रनं एकेक बोट धरून घेतलेली.

१५ एप्रिल

पट्टी काढायला लवकर गेलो. कपाटात नव्हती.

महेंद्रच्या टेबलावर बंद पाकिटांची चळत होती, तिच्यात माझीही. पाकिटावर नाव नाही, नुसता नंबर, कपाटातल्या यादीत माझ्या नावापुढचा. शेजारी पेल्याचा ठसा मोठा केलेला. काल जयंतीची सुट्टी, मिरवणूक टाकून तो इथे येऊन बसला असणार. लाल पेन्सिलीनं खुणा. चौदा. माझ्यासारख्या ओढूनताणून नाहीत, एकेक जागच्या जागी. खाली सही, तारीख. अजून एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. आसाराम गेल्यावर त्यानं ठरवलं म्हणे, हा ठसा कुणाचा ते सापडेपर्यंत कपाटातल्या सगळ्या पट्ट्या लावून बघायच्या. पोलिसांच्या, आपल्यासुद्धा. कारभारीनं सांगितलं.

पाकीट उचलून खिशात घालता आलं असतं.

मी त्या चौदा खुणा बघत उभा राहिलो. माझ्या स्वतःच्या अंगठ्यावर मला आठ सापडल्या नसत्या इतक्या नीट. किती सुंदर काम. किती — कधीच येणार नाही मला असं. कधीच.

जिन्यात त्याची पावलं वाजली. पाकीट तसंच ठेवलं. पाकिटावर माझे डाग राहिलेत. रेघा नसलेले.

१६ एप्रिल

महेंद्रचा फोन. आवाज बसलेला. म्हणाला, पव्या, चौदाच्या चौदा. तीन वेळा पाहिलं. मनापासून वाटत होतं, 'अभिप्राय देता येत नाही' असं लिहिता यावं. नाही लिहिता येत.

सगळं सांगितलं. बाग, माठ, पेला, वरून पाणी. वार सांगितला, रंभाजींना पेरूंचा वार आठवत नाही तेही. तो म्हणाला, खून रविवारी झाला, रविवारी तू खोलीत एकटा होतास. तू सांगतोस त्या दिवशी गेला होतास की रविवारी, ते ठसा सांगत नाही. कुठे लिहिलेलं आहे?

म्हणालो, रोजनिशीत. पहिल्या पानावर. तारखेनिशी.

म्हणाला, उद्या मी स्वतः येतो. एकटा. कागदावर असेल तर मी तुझ्या बाजूनं उभा राहीन, मग कुणी काही म्हणो. फेब्रुवारीतलं पान वाचून तो काय म्हणेल? सविताला कोण सांगेल? पण माझ्या बाजूनं — महेंद्र — माझ्या बाजूनं. रडू आलं. आणि तेव्हाही, त्या क्षणीसुद्धा, वाटलं की हा शेवटपर्यंत माझ्याहून चांगलाच राहणार.

.... एप्रिल

वर तारीख लिहिली होती. आत्ता लिहिली होती.

ऊन खिडकीत आलंय. खाली रंभाजी कुणाशी बोलतायत. महेंद्र असेल.

पहिलं पान उघडलं. सगळं आहे. पेरू, माठ, पेला, मनकर्णा, वरून पाणी. मी तिथे गेलो होतो हे सगळं, माझ्या सुरेख अक्षरात.

तारीख नाही. तेवढीच. त्या जागी निळा ओला डाग, बोटाएवढा. आत रेघा नाहीत.

माझ्या उजव्या हाताची बोटं निळी आहेत — मी पानाला हात लावला नव्हता — पेन धरलंय फक्त — पाचही गुळगुळीत — मी नाही लावला —

पुन्हा लिहितो. मी भागिरथीबाईकडे पाणी प्यायलो तो वार ........ होता.

ठळक लिहिलं होतं. तो वार ........ होता. खुनाच्या ........

हात आपोआप फिरतोय पानावरून. हा हात माझा — सिमेंटचा वास —

जिन्यात पावलं. महेंद्रच. तो हाक मारतोय, पव्या, वही घेऊन ये. तो कागदावर असेल तेच मानेल. त्यानं तेच मानावं, ट्रेनिंगपासून मला त्याचं हेच —

दार उघडायच्या आत. एकदाच. नीट. मी पाणी प्यायलो तो दिवस